रोज एक गाठी

जवळा बाजार,
११ जून २०२४

चि. सौ. शिवकन्या,

आशीर्वाद देतोय, पण रागातच देतोय, हे आधी सांगून टाकतो.

चार वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून वहीची पानं फाडून लिहायला बसलोय. पत्र हातात पडल्यावर न वाचता फाडून टाकावं, एवढं घट्ट काळीज तुझं नाही. तू लहानपणी औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायचीस.

पुनमचं लग्न जमलं, हे मला कुठं कळावं? बाजारात, मिरच्यांच्या ढिगाजवळ. आणि सांगितलं कोणी? आपल्या चुलत्याच्या रामकिशननं. म्हणाला, "वैजूदादा, पुढल्या एप्रिलात हिंगोलीला लग्न हाय. मामा म्हनून मलाच उभं ऱ्हायाला सांगितलंय शिवूताईनं." आणि वर मला विचारतो, "तुमी येऊन राहिले ना?" मी त्याच्या पिशवीतल्या मिरच्या सांडल्या. चुकून नव्हे.

सख्खा मामा जिवंत असताना चुलत मामा! आपल्या घरात मामा नवरीला उचलून बोहल्यावर नेतो. तुला तातेराव मामांनी नेलं होतं. त्यांचा फेटा सुटून डोळ्यांवर आला तरी त्यांनी तुला खाली ठेवलं नाही, अंदाजानं चालत गेले. पुनम जन्मली त्या दिवशी मी दवाखान्यात तुला म्हटलं होतं, हिला मीच नेणार. तुला आठवत नसेल तर दाजींना विचार, ते तिथंच उभे होते.

असा काय मोठा गुन्हा केला मी? होळीला भाचीसाठी गाठी पाठवली, हाच ना? मामानं भाच्याच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची, ही रीत काही मी काढलेली नाही. माझा तर धंदाच तो. शिवरात्र झाली की भट्टी पेटते, सागवानी साच्यात दोरा ठेवून वरून पाक ओततो, आणि पाडव्याला आसपासच्या दहा गावांत गुढीला गाठी माझीच असते. आणि माझ्या सख्ख्या बहिणीनं ती गाठी मोहनसिंग कंडक्टरच्या हाती परत पाठवली, पेपरात गुंडाळून. वर चिठ्ठी, "पुनमचं वजन वाढलंय, डॉक्टरांनी साखर बंद सांगितली आहे, यापुढं गाठी पाठवू नकोस." मामाची गाठी परत पाठवतात का कुठं? मी फोन केला आणि जरा मोठ्यानं बोललो असेन. रागात माणूस बोलतो. तेवढ्यावरून चार वर्षं?

माझी तब्येत ठणठणीत आहे. लग्नाला दहा महिने आहेत. विचार कर आणि उत्तर पाठव.

वैजूदादा


जवळा बाजार,
४ जुलै २०२४

शिवकन्या,

उत्तर आलं नाही. पोस्टमन म्हणतो पत्र पोचलंय. म्हणजे तू वाचलंस. ठीक.

आज भांडायला नाही, एक गोष्ट सांगायला लिहितोय. बाजाराच्या दिवशी इथं आरोग्य केंद्राचा तंबू लागला होता, शुगर आणि बीपी फुकट तपासत होते. मी काही जाणार नव्हतो. जमीलभाईनं हाताला धरून नेलं. जमीलभाई म्हणजे माझे साचे कोरणारा सुतार, तू ओळखतेस, त्याच्या जाहेदाभाभीनं तुझ्या लग्नात मेंदी काढली होती. आधी वजनाच्या काट्यावर उभं केलं. एकशे चार किलो. जमीलभाई मागून ओरडला, "शेठ, उतरो जल्दी, मशीन का दम निकल जाएगा!" सगळा तंबू हसला. मीही हसलो, आपल्याला काय.

मग एका नर्सबाईनं बोट टोचलं. तोंडाला मास्क होता. आकडा बघितला आणि मास्क खाली घेतला. म्हणाली, "मामा, तीनशे बारा हाय."

पुनम! शिवू, चार वर्षांनी बघितलं मी तिला. चेहरा अगदी आपल्या आईचा झालाय गं. इथल्या शेजारच्या गावात उपकेंद्रावर आलीय, तीन महिने झाले, आणि मला पत्ता नाही.  आणि त्या भरात मी बोललो काय, तर "मशीन खराब हाय तुजी."

खरंच वाटलं तसं. मी गोड खातच नाही! गाठ्या करणाऱ्याचं तोंड पाकाच्या वाफेनंच भरून जातं. तीस वर्षांत माझ्या हातची गाठी मी दाताखाली घेतलेली नाही. पेढा दिला तर तुझ्या वहिनीला, द्वारकेला देतो. चहासुद्धा बिनसाखरेचा. मग मला शुगर होईल कुठून? मी तिला हेच सांगितलं, चारचौघांत, छाती काढून.

तिनं शांतपणे विचारलं, "मग खाता काय मामा दिवसभर?"

"खारी, टोस्ट, शेव, फरसाण. जेवायला पोळ्या, भात. आन भट्टीपाशी गरम होतं म्हनून थंडं."

"थंडं म्हंजी ते काळं? बाटलीतलं?"

"व्हय. पन ते गोड कुठंय? ते तर झणझणतं."

तिनं ते कागदावर लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. मोठ्या डॉक्टरांपुढं बसवलं, गोळ्या दिल्या. उठताना मी म्हटलं, "पुनम, काही झालं तरी तुला बोहल्यावर मीच नेनार." ती म्हणाली, "मामा, तुमी आधी सोताला उचला." पुन्हा सगळा तंबू हसला. या वेळी मी हसलो नाही.

तिनं तुला यातलं काही सांगितलं नसेल. मी विचारलं तर म्हणाली, पेशंटची गोष्ट मी घरी सांगत नसते. म्हणून मीच सांगतोय. तिच्यावर रागावू नकोस.

वैजूदादा


जवळा बाजार,
३० ऑगस्ट २०२४

शिवू,

हे पत्र जरा कमी ऐटीत लिहितोय.

गोळ्या मी फळीवर ठेवून दिल्या होत्या. म्हटलं, डॉक्टर काय, नागनाथ बघून घेईल. श्रावणातले सगळे सोमवार धरायचे, औंढ्याला जाऊन दर्शन घ्यायचं, वजनही उतरेल आणि शुगरही. उपास कडक करायचा ठरवलं. आता कडक म्हणजे काय ते ऐक आणि हस. सकाळी साबुदाण्याची खिचडी, ताटभर, कारण रात्रीपर्यंत काढायचं असतं. अकराला बटाट्याचे वेफर, पाकिटावर 'उपवासाचे' असं छापलेलं असतं. दुपारी भगर. मधे राजगिऱ्याचे लाडू, ते मी गोड धरले नाहीत, कारण ते देवाचे. आणि थंड्याच्या बाटल्या, कारण त्यात ना मीठ ना धान्य, तेव्हा उपासाला चालतं. तुझी वहिनी म्हणाली, "एवढं तर तुमी बिनउपासाचं पन खात न्हाई." मी तिला देवाधर्मातलं काही कळत नाही असं सुनावलं.

चौथ्या सोमवारी औंढ्याच्या रांगेत उभा होतो. घसा कोरडा पडला, पुढच्या माणसाची टोपी एकाची दोन दिसायला लागली. मग पायऱ्यांवर बसलो तो कसा बसलो हे मला माहीत नाही. द्वारकेनं पुनमला फोन केला. नंबर हिच्याकडं होता! मी तंबूतून आलो त्याच दिवशी घेतला होता हिनं. पुनम आली, दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. शुगर चारशे अडतीस. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा दिवस गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. आता तुला हे कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण लिहून झालं.

काल पुनम दुकानात आली. मला वाटलं, ओरडेल. तिनं आल्या आल्या विचारलं, "मामा, तुमचा जुना तराजू हाय का?" वजनकाटा आहे माझ्याकडं, पण बाबांचा पितळी तराजूही मी मोडीत काढलेला नाही, गणपतीमागं टांगलाय. तो खाली काढायला लावला. मग म्हणाली, एका दिवसाच्या थंड्याच्या रिकाम्या बाटल्या आणा. आणल्या. तीन.

"वाचा मागं काय लिवलंय."

चष्मा लावूनही दिसेना, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. तिनंच वाचलं. शंभर मिलीत अकरा ग्राम साखर, बाटली सहाशेची. म्हणजे एका बाटलीत सहासष्ट. मला म्हणाली, "आता तुमच्या हातानं तोला. तीन बाटल्यांची."

मी डब्यातली साखर काढून काट्यावर तोलली. दोनशेला दोन ग्राम कमी. पांढराशुभ्र ढीग झाला. ढीग तराजूच्या एका पारड्यात ओतायला सांगितला. दुकानात नागनाथाच्या फोटोला पाडव्याची गाठी अजून लटकत होती. तिनं ती हात जोडून काढली आणि दुसऱ्या पारड्यात ठेवली.

काटा मधे येऊन उभा राहिला, शिवू. जरासुद्धा इकडंतिकडं नाही.

"मामा," ती म्हणाली, "तुमी रोज एक गाठी पिऊन राहिले. तुमच्या जिभेला साखर कळत न्हाई, पन रगताला कळते ना?"

मी खाली बसलो. गाठीला किती साखर लागते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पाक बोटांवर धरून तार सांगणारा माणूस मी. आणि बाटलीतला पाक मला ओळखू आला नाही! मग तिनं टोस्टांचं, खारीचं, साबुदाण्याचं सांगितलं, की तेही पोटात गेल्यावर साखरच होतं. ते मी अर्धवट ऐकलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तू वर्षाची एक गाठी परत केलीस म्हणून मी तुझ्याशी भांडलो, आणि मी स्वतः रोज एक पीत होतो.

रिकाम्या बाटल्या मी भंगारात दिल्या. भरलेल्या सहा होत्या, त्या मोरीत ओतल्या. मोरी बराच वेळ फसफसत होती.

वैजूदादा


जवळा बाजार,
२० ऑक्टोबर २०२४

शिवू,

पन्नास दिवस झाले, बाटली नाही. ताक पितो, जिरं घालून, तांब्याभर. गोळ्या वेळेवर. दोन वेळा ज्वारीची भाकरी, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, मूठभर भात रविवारी. सकाळी औंढा रोडनं चालत जातो, जमीलभाईही येतो, त्याला शुगर नाही पण त्याला बोलायला माणूस लागतं. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, कोणीही चांगलं बोललं तरी राग यायचा. द्वारकेनं भाकरी थापताना गाणं म्हटलं म्हणून मी ताट सरकवलं. ती म्हणाली, "बाटली प्या न्हाईतर माफी मागा, दोन्हीतलं एक करा." माफी मागितली. एकदा बेकरीत उभ्या उभ्या टोस्टांचं अख्खं पुडकं संपवलं, बिनचहाचं. खाऊन झाल्यावर कळलं की मी खातोय. पुनमला दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. म्हणाली, "लपवलं न्हाई ना? मग झालं. आज चालायला जावा."

वजन अठ्ठ्याण्णव. शुगर उपाशीपोटी एकशे शहात्तर. अजून जास्त आहे, पण तीनशे बारावरून आलीय.

पण हे सांगायला पत्र लिहिलं नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, जरा मोठ्यानं बोललो असेन. ते खोटं होतं. काय बोललो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. मी म्हटलं होतं, "आधीच साखरेचं पोतं झालीय पोरगी, एका गाठीनं काय होनार हाय?" मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोलत होतो आणि तुझा फोन स्पीकरवर होता. पुनम शेजारी उभी होती. तिला मागून हुंदका आला तो मला ऐकू आला, शिवू. मी ऐकला आणि फोन ठेवला. चार वर्षं मी स्वतःला सांगत होतो की गाठी परत पाठवून तू नातं तोडलंस. नातं त्या शब्दानं तुटलं, आणि तो माझ्या तोंडून गेला.

साखरेचं पोतं पन्नास किलोचं येतं. त्या दिवशी तंबूत काट्यावर उभा राहिलो तेव्हा मी दोन पोती आणि वर चार किलो होतो. लोक हसले तेव्हा मास्क लावून शेजारी बसलेली पुनम हसली नव्हती. तिनं मान खाली घालून आकडा लिहिला होता. ती वीस वर्षांची असताना मी तिला जे केलं, ते मला करायची तिला आयती संधी होती. तिनं केलं नाही.

तिची माफी मी तोंडानं मागितली, उपकेंद्राच्या व्हरांड्यात, लोक रांगेत असताना, कारण शब्दही मी लोकांत बोललो होतो. ती म्हणाली, "मामा, पेशंट थांबलेत." आणि आत गेली. माफ केलं का नाही, मला कळलं नाही. तुझीही मागतो. मला माफ कर, शिवू. मामा म्हणून रामकिशन उभा राहिला तरी आता मी मिरच्या सांडणार नाही. पण मला उभं राहायचंय. फार मनापासून राहायचंय.

दादा


जवळा बाजार,
१६ जानेवारी २०२५

शिवू,

बस आधी. मग वाच.

तीन महिन्यांची शुगर म्हणून एक तपासणी असते, तिचा आकडा माझा अकरा पॉइंट दोन होता. काल आला सहा पॉइंट आठ! डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला, नाव माझंच आहे ना ते विचारलं. एक गोळी कमी केली. दुसरी मात्र चालू ठेवायची, आणि मनानं बंद केली तर पुनम मला तराजूला टांगणार आहे, असं तिनं सांगितलंय. वजन अठ्ठ्याऐंशी! सोळा किलो कुठं गेले ते मी शोधत नाही, ज्याला सापडतील त्यानं ठेवावेत. पायजम्याची नाडी दोनदा कापली. आरशात पाहिलं तर बाबाच उभे. द्वारका म्हणते, "हनुवटी दिसली तुमची, लगीन झालं तवा दिसली होती."

आता दुसरी गंमत. पुनम म्हणाली होती ना, आधी स्वतःला उचला? स्वतःला उचललं. आता तिला उचलायचं शिकतोय. डॉक्टरांना विचारूनच. दिवाळीपासून दहा किलोच्या थैलीनं सुरू केलं, दुकानाच्या दारातून भट्टीपर्यंत आणि परत. मग वीस, मग तीस. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी भीत भीत पन्नासचं पोतं उचललं, तीन पावलं गेलो आणि पोत्यासकट खाली बसलो. शेजारचा शंकरसिंग धावत आला, "चक्कर आली काय शेठ?" मी म्हटलं, "न्हाई, नवरी पडली." तेव्हापासून सगळा बाजार मला विचारतो, आज नवरी कुठवर गेली. काल भट्टीपर्यंत गेली!

आणि धंद्याचं. गाठी बंद करणार का, असं मला सगळे विचारतात. नाही करणार. पाडव्याला गुढीला गाठी पाहिजे, देवाला पाहिजे. पण दोनशे ग्रामची कशाला पाहिजे? आपल्या आजोबांच्या वेळची गाठी बोटभर असायची, बाबांनी मोठी केली, मी त्याहून मोठी केली, कारण शेजारच्या गावातला माझ्यापेक्षा मोठी करत होता. जमीलभाईला सांगितलं, आजोबांचा साचा आठवून कोर. त्यानं कोरला. पंचवीस ग्राम. मधे मधे खोबऱ्याच्या चकत्या ओवायच्या, म्हणजे गुढीवर भरीव दिसते. पहिला नमुना बघून दुकानदार म्हणाला, "वैजनाथ, गाठीपन आटली का तुज्यासारखी?" मी म्हटलं, "व्हय. दोघं बी तपासून आलोत." मोठे साचे पोटमाळ्यावर गेले. बघू, लोक घेतात का. नाही घेतली तर आपटेन, पण रोज पिण्यापेक्षा ते बरं.

पुनम अजून त्या माफीबद्दल काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. पण आता मला 'या' म्हणते, पूर्वी 'बसा' म्हणायची.

तू पत्रं वाचतेस का गं?

दादा


जवळा बाजार,
२४ मार्च २०२५

शिवू, शिवू, शिवू,

तुझं पत्र आलं! पत्र कसलं, दीड ओळ. द्वारकेनं वाचली, जमीलभाईनं वाचली, जाहेदाभाभीनं वाचून घेतली, मोहनसिंग कंडक्टर तर म्हणाला, "मीच परत आनली होती, आता मीच पोचवनार, तिकीट न्हाई घेत गाठीचं." ती ओळ मी इथं पुन्हा लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं:

"दादा, पाडव्याला गाठी पाठव. लहान साच्यातली."

म्हणजे तू वाचत होतीस! लहान साच्याचं तुला दुसऱ्या कोणी सांगितलं असेल? मी रडलो, हे लिहून टाकतो. भट्टीचा धूर होता म्हणून कोणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी चाललं असतं.

सोबत लग्नाची पत्रिका, त्यावर 'मामा' या शब्दापुढं माझं नाव. रामकिशनला सांगायला मी स्वतः गेलो, मिरच्या घेऊन गेलो. त्यानं हात जोडले. "सुटलो दादा! माजी कंबर काय तिला उचलनार व्हती का? म्या तर रातच्याला तेच सपान बघून राहिलो व्हतो."

गाठी मोहनसिंगसोबत देतोय. दोरा लाल आहे, आईच्या पातळाच्या काठातला. लहान गाठ्या यंदा सगळ्या गेल्या, एकही उरली नाही. तुझी मात्र मी शिवरात्रीनंतरच्या पहिल्याच भट्टीला बाजूला ठेवली होती. तुझं पत्र येण्याआधीच.

तुझा दादा


जवळा बाजार,
२१ एप्रिल २०२५

शिवू,

आता पत्र कशाला, फोन उचलतेस की, असं म्हणशील. पण सवय लागली. आणि काल मंडपात तू मला विचारलंस, बोहल्यापाशी तुम्ही दोघं काय कुजबुजत होता? बँड वाजत होता, तुला ऐकू आलं नाही, आणि मग तू रडायला लागलीस आणि दाजी तुला पाणी द्यायला लागले, ते राहूनच गेलं. म्हणून लिहितो.

भटजींनी म्हटलं, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." दहा महिने मी ही हाक ऐकायला जगलो. खोलीत गेलो तर पुनम पाटावर बसलेली. आईची नथ घातली होती तिनं. मला म्हणाली, "मामा, आजकाल कोनी उचलत न्हाई, हात धरून नेलं तरी चालतंय. गुडघे दुखतीन." मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी किलो हाय मी. शुगर सकाळी एकशे आठ. बस गुमान."

उचललं. पहिल्या पावलाला भीती वाटली, खरं सांगतो. तिचा शालू, दागिने, हार, पोत्याला हे काही नसतं. दुसऱ्या पावलाला फेटा सरकायला लागला, तेव्हा तातेराव मामा आठवले आणि मी हसायलाच लागलो. मग जमलं. खोलीपासून बोहल्यापर्यंत बावीस पावलं, मी आदल्या दिवशी मोजून ठेवली होती. दोन्हीकडून लोक टाळ्या वाजवत होते, बाजारातले सगळे आले होते, शंकरसिंग ओरडला, "नवरी पडू देऊ नका शेठ!" आणि जमीलभाई खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारत होता. तू समोर अंतरपाटाजवळ उभी होतीस, पदर तोंडाला लावून. मी तुझ्याकडंच बघत चालत होतो.

बोहल्यापाशी आलो. खाली ठेवणार, तेवढ्यात पुनमनं माझ्या कानाशी तोंड आणलं. तिला सगळं आठवत होतं, शिवू. पाच वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं, आणि व्हरांड्यात जे उत्तर दिलं नव्हतं ते तिथं दिलं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, आणि आवाज अगदी लहानपणीचा.

"मामा, पोतं लई जड झालं का हो?"

मी तिला अलगद पाटावर उभं केलं, तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या.

म्हटलं, "पोतं दुकानात ठेवून आलो, माय. ही तर माजी भाची हाय."

दादा